निवांत संवादाची ओढ : दूरदर्शनवरील मुलाखत, तिचे स्मरणरंजन आणि तिचे जतन

१. विषय आणि त्याची व्याप्ती

मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दोन दशकांविषयी मराठी समाजात आजही जी ओढ व्यक्त होते, तिच्यात नाट्यावलोकने, चित्रगीतांचे कार्यक्रम आणि मालिका यांच्या जोडीने मुलाखतीच्या कार्यक्रमांना मानाचे स्थान आहे. लेखक, गायक, चित्रकार किंवा नट समोर बसलेला, त्याच्याशी जाणकारीने बोलणारा एक संवादक, आणि त्या दोघांच्या बोलण्यात कोणतीही घाई नाही, अशी त्या आठवणीची साधारण घडण असते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही आठवण आहे. ती नेमकी कशाची आहे, तिच्यात खरे किती आणि आठवणाऱ्याने भरलेले किती, आणि अशा ओढीतून समाजाच्या पदरी टिकाऊ असे काही पडावे यासाठी काय करावे लागेल, या तीन प्रश्नांची मांडणी येथे केली आहे.

गतकाळाच्या आठवणीत रमण्यातून मिळणाऱ्या सुखाला मराठीत स्मरणरंजन म्हणतात आणि समीक्षेत हा शब्द बहुधा दोषदर्शक अर्थाने येतो. स्वेतलाना बॉइम या अभ्यासिकेने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले. पहिल्या प्रकारात गेलेला काळ जसाच्या तसा परत उभा करण्याचा आग्रह असतो, तर दुसऱ्या प्रकारात तो काळ परत येणार नाही हे मान्य करून त्याच्याविषयी चिंतन केले जाते. या दोन प्रकारांना अनुक्रमे पुनःस्थापक आणि चिंतनशील असे म्हणता येईल. दूरदर्शनवरील मुलाखतीच्या बाबतीत या दोहोंपलीकडे तिसऱ्या एका वृत्तीची गरज आहे, ती म्हणजे जतनाची, आणि या वृत्तीचे संस्कार वाई शहराच्या इतिहासात फार जुने आहेत, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. रात्रीच्या गप्पांचा अमेरिकी साचा

दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या कार्यक्रमाचा जो साचा जगभर गेला, तो अमेरिकेत घडला. ‘टुनाइट’ हा कार्यक्रम एनबीसी या वाहिनीवर २७ सप्टेंबर १९५४ रोजी स्टीव्ह ॲलन यांच्या सूत्रसंचालनाने देशव्यापी स्वरूपात सुरू झाला, पुढे तो जॅक पार यांच्याकडे आला, आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून २२ मे १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, जॉनी कार्सन यांनी तो चालवला. सुरुवातीला सूत्रसंचालकाचे दिवसभराच्या घडामोडींवरील विनोदी स्वगत, मग मेजामागे त्याची खुर्ची आणि शेजारी पाहुण्यांसाठी कोच, साथीला वाद्यवृंद आणि समोर प्रेक्षक, अशी त्याची रचना ठरून गेली. डेव्हिड लेटरमन यांनी १९८२ पासून कार्सन यांच्या पाठोपाठच्या, त्याहून उशिराच्या वेळेत हाच साचा अधिक विक्षिप्तपणे हाताळला आणि पुढे दुसऱ्या वाहिनीवर जाऊन मे २०१५ पर्यंत तो चालू ठेवला.

या कार्यक्रमांचे खरे बळ त्यांच्या वेळेत होते. घरातील कामे आटोपलेली, मुले झोपलेली आणि दुसऱ्या दिवसाला अजून अवधी असलेला, अशा वेळी रोज तोच माणूस घरात येऊन बोलतो, या नित्यनेमातून प्रेक्षक आणि सूत्रसंचालक यांच्यात नात्यासारखे काही तयार होत असे. त्यामुळे कार्सन किंवा लेटरमन निवृत्त झाले तेव्हा प्रेक्षकांना जे जाणवले ते एखादा कार्यक्रम संपल्याचे दुःख नव्हते, घरातला वडीलधारा उठून गेल्यासारखे ते होते. लेटरमन यांनी सोडलेला कार्यक्रम पुढे स्टीफन कोल्बेअर यांनी चालवला, आणि तो मे २०२६ मध्ये बंद होणार असल्याची घोषणा जुलै २०२५ मध्ये झाली, तेव्हा या संपूर्ण कार्यक्रमप्रकाराविषयीच्या आठवणींना तेथे पुन्हा उधाण आले.

मराठीत या साच्याचा जुळा भाऊ शोधायला गेल्यास तो सापडत नाही. मराठी दूरचित्रवाणीच्या अभिजात काळात मेजामागचा विनोदवीर नव्हता, वाद्यवृंद नव्हता, आणि पुढे पाहू त्या कारणाने रात्रही नव्हती. तरीही त्याच जातीची ओढ मराठी प्रेक्षकाला आहे. यावरून असे दिसते की ओढ साच्याची नसते, त्या साच्यातून जे मिळत होते त्याची असते, आणि ते दुसऱ्या समाजाला दुसऱ्या मार्गाने मिळू शकते.

३. मुंबई केंद्र आणि मराठी मुलाखत

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. या आरंभकाळात पु. ल. देशपांडे तेथे निर्माते म्हणून काम करत होते आणि पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीसाठी मुलाखत घेण्याचा मान त्यांच्याकडे जातो. मराठी माणसाच्या दूरचित्रवाणीशी आलेल्या पहिल्या ठळक संबंधातच मुलाखत हा प्रकार होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. त्या काळी दूरदर्शन हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. १ एप्रिल १९७६ रोजी तो स्वतंत्र झाला.

या केंद्रावरील मराठी कार्यक्रमांची नावे त्या पिढीला आजही मुखोद्गत आहेत. आकाशानंद यांचे ‘ज्ञानदीप’, विनायक चासकर यांच्या नावाशी जोडले गेलेले ‘गजरा’, अरुण काकतकर यांचे ‘शब्दांच्या पलीकडले’, विजया धुमाळे-जोगळेकर यांची ‘चिमणराव’ ही मालिका आणि शेतकऱ्यांसाठीचे ‘आमची माती आमची माणसं’ ही त्यांतील काही. मुलाखतीच्या दृष्टीने या सर्वांत महत्त्वाचा कार्यक्रम ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हा होय. साहित्य आणि कला या क्षेत्रांतील व्यक्तींशी त्यांच्या निर्मितीविषयी संवाद साधावा, अशी त्याची कल्पना होती. पाहुण्याच्या घरगुती आयुष्यापेक्षा त्याने केलेले काम तेथे केंद्रस्थानी असे आणि प्रश्न विचारणारी व्यक्तीही त्या क्षेत्राची जाणकार असावी अशी अपेक्षा असे. त्याच केंद्रावरून १९७२ पासून १९९३ पर्यंत चाललेला तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा हिंदी कार्यक्रम चित्रपट कलावंतांशी मोकळ्या गप्पांचा होता आणि मराठी घरांतूनही तो आवडीने पाहिला जाई. एक कार्यक्रम व्यासंगाचा आणि दुसरा रंजनाचा, परंतु समोरच्याला बोलू द्यावे, हा शिष्टाचार दोहोंत समान होता.

या मुलाखतीची मुळे मात्र दूरचित्रवाणीच्या आधीची आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेची सुरुवात केली आणि तेथून ही प्रथा महाराष्ट्राच्या गावोगावी पसरली. वाईतही लोकमान्य टिळक स्मारक ग्रंथसंग्रहालयाच्या वतीने चालणाऱ्या वसंत व्याख्यानमालेने श्रोत्यांच्या अनेक पिढ्या घडवल्या. व्यासपीठावर वक्त्याला प्रश्न विचारून बोलते करणे, म्हणजे ज्याला प्रकट मुलाखत म्हणतात तो प्रकार, याच परंपरेत रुजला. १९६३ मध्ये सुरू झालेल्या सांगली आकाशवाणी केंद्राने सातारा-सांगली भागातील श्रोत्यांच्या कानाला संवादाची सवय लावली होती. दूरदर्शनवरील संवादक आणि प्रेक्षक असे दोघेही याच संस्कारातून आले होते, म्हणूनच केवळ दोन खुर्च्यांवर बसून चाललेले बोलणे पाहण्यासाठी माणसे जमत होती.

४. एका मुलाखतीची घडण

त्या मुलाखतींत जी निवांतता जाणवते, तिचे सगळे श्रेय संवादकाच्या स्वभावाला देणे योग्य होणार नाही, कारण तिच्यामागे तंत्राचाही मोठा वाटा होता. स्टुडिओत दोन किंवा तीन कॅमेरे मांडलेले असत. निर्माता वेगळ्या नियंत्रण कक्षात काचेपलीकडे बसून कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र केव्हा घ्यायचे ते सांगत असे, आणि मुलाखत चालू असतानाच ती निवड होऊन चित्र फितीवर उतरत असे. फ्लोअर मॅनेजर, म्हणजे स्टुडिओतील मंचाची व्यवस्था पाहणारा, कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून उरलेली मिनिटे बोटांनी दाखवत असे. दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रण करण्याच्या त्या पद्धतीत मधला एखादा तुकडा काढून टाकणे हे किचकट आणि खर्चिक काम होते, त्यामुळे मुलाखत सुरू झाली की ती सलग पार पाडायची, हीच सोयीची रीत होती.

या रीतीचा परिणाम पडद्यावर उतरत असे. प्रश्न विचारल्यावर पाहुणा चष्मा काढून हातात घेतो, क्षणभर खाली पाहतो, एक वाक्य सुरू करून मध्येच सोडतो आणि मग वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडतो, तोवर संवादक गप्प असतो आणि कॅमेरा पाहुण्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही, असे काही सेकंद त्या काळच्या मुलाखतीत सहज राहून जात. आजच्या संकलकाने ते पहिल्या फेरीतच कापले असते. परंतु विचार मनात आकार घेत असताना माणूस कसा दिसतो, हे दाखवणारे तेच क्षण होते, आणि लेखकाच्या पुस्तकातून किंवा गायकाच्या ध्वनिमुद्रिकेतून जे कधीच मिळणार नाही ते प्रेक्षकाला तेथे मिळत होते. प्रश्नांची यादी हातात असूनही तिच्याकडे न पाहता, मिळालेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढणे, ही संवादकाची कसोटीही अशा सलग चित्रीकरणात लागत असे, कारण फसलेला प्रश्न झाकण्याची सोय नव्हती.

मात्र याच तंत्राने दुसऱ्या बाजूने मोठे नुकसानही केले. चुंबकीय फीत महाग होती आणि तिच्यावर पुन्हा मुद्रण करता येत होते, त्यामुळे प्रक्षेपण झाले की तीच फीत पुसून पुढच्या कार्यक्रमासाठी वापरायची, ही पद्धत जगभर होती आणि दूरदर्शनही तिला अपवाद नव्हते. कार्सन यांचा कार्यक्रम मे १९७२ मध्ये न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातील बर्बँक येथे हलला, आणि त्याआधीच्या सुमारे दहा वर्षांतील बहुतेक भाग अशाच पुनर्वापरात नष्ट झाले. ज्या महागाईमुळे मुलाखतीतील शांतता कापली गेली नाही, त्याच महागाईमुळे मुलाखतीच्या मुलाखती पुसल्या गेल्या, हा या विषयातील सर्वांत क्लेशकारक विरोधाभास आहे.

५. मराठीची रात्र कोठे गेली

मराठीत रात्री उशिराच्या गप्पांचा कार्यक्रम का रुजला नाही, याचे उत्तर १५ ऑगस्ट १९८२ या तारखेत सापडते. त्या दिवशी रंगीत प्रक्षेपणाबरोबर दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. उपग्रहाद्वारे देशभरातील केंद्रे एकाच वेळी तेच कार्यक्रम दाखवू लागली आणि रात्रीच्या बातम्यांपासून पुढची मोक्याची वेळ हिंदी आणि इंग्रजीकडे गेली. ७ जुलै १९८४ पासून सुरू झालेल्या ‘हम लोग’ या मालिकेने त्या वेळेवर आपला ठसा उमटवला. मराठी कार्यक्रमांच्या वाट्याला त्यामुळे संध्याकाळ आली. शेतातून, कचेरीतून किंवा दुकानातून माणसे घरी परतण्याचा, स्वयंपाकाचा आणि मुलांच्या अभ्यासाचा जो काळ असतो, त्यातच मराठी मुलाखतीला जागा शोधावी लागली. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात रात्र हा फार संपन्न प्रहर आहे. कीर्तन, भजन, जागरण-गोंधळ, तमाशा आणि नाटक हे सगळे जेवणे झाल्यावर रंगणारे प्रकार आहेत. दूरचित्रवाणीवर मात्र हा प्रहर मराठीच्या हातून घडी बसण्याआधीच निसटला.

खासगी वाहिन्यांच्या काळात ही वेळ परत मिळाली. मुंबई केंद्राच्या प्रारंभाला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी टीव्ही सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी ही वाहिनी आली. तोवर दूरचित्रवाणीवरील संवादाची रीतच पालटली होती. १९९३ मध्ये सुरू झालेल्या रजत शर्मा यांच्या ‘आप की अदालत’ या कार्यक्रमाने मुलाखतीला न्यायालयाचे रूप दिले, पाहुणा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि संवादक वकील झाला. विजय तेंडुलकर यांच्या कन्या आणि ‘रजनी’ या मालिकेमुळे घरोघरी पोहोचलेल्या प्रिया तेंडुलकर यांनी त्याच दशकात हिंदीत चालवलेल्या चर्चेच्या कार्यक्रमात सामाजिक प्रश्नांवर सामान्य प्रेक्षकाला बोलते केले, आणि हे त्या काळाचे मोलाचे योगदान होते. मराठीत अवधूत गुप्ते यांच्या ‘खुपते तिथे गुप्ते’ या कार्यक्रमाने थेट आणि बोचऱ्या प्रश्नांची वाट धरली. तो काही वर्षांच्या खंडानंतर २०२३ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला. ज्या कार्यक्रमाचा आरंभ एकविसाव्या शतकातला आहे त्याच्याविषयीही परत येण्याची अपेक्षा निर्माण व्हावी, यावरून स्मरणरंजनाचा वेग किती वाढला आहे ते समजते.

६. वाद, जल्प आणि वितंडा

जुन्या आणि नव्या संवादातील फरक सांगताना जुने ते सभ्य आणि नवे ते उथळ, अशी ढोबळ विभागणी केली जाते. तिच्याऐवजी अधिक काटेकोर कसोटी वाईच्या विद्यापरंपरेत उपलब्ध आहे. केवलानंद सरस्वती, म्हणजे पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे, यांनी स्थापन केलेल्या प्राज्ञपाठशाळेत घडलेल्या आणि १९२३ मध्ये कोलकात्याहून तर्कतीर्थ ही पदवी मिळवलेल्या लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे न्यायशास्त्र या शहराला परके राहिले नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत दोन पक्षांमधील विचारविनिमयाला कथा म्हटले असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय आहे हे कळावे म्हणून प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे चालतो तो वाद. जिंकण्याच्या इच्छेने चालतो आणि ज्यात छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम वेगळा अर्थ लावणे, यासारख्या युक्त्याही चालतात, तो जल्प. आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता फक्त समोरच्याचे म्हणणे मोडण्यासाठी चालते ती वितंडा.

ही वर्गवारी दूरचित्रवाणीला लावली असता चित्र स्पष्ट होते. वृत्तवाहिन्यांवरील चौकटी-चौकटींतून चालणाऱ्या चर्चेत बहुतेक वेळा जल्प असतो, आणि सूत्रसंचालक स्वतः कोणतीही जबाबदारी न घेता प्रत्येकाला अडवत राहतो तेव्हा ती वितंडा होते. प्रसिद्धीसाठी आलेल्या चित्रपटाच्या चमूशी होणाऱ्या गप्पांत तर कोणताच पक्ष नसतो, म्हणून त्यांना कथा म्हणणेही कठीण आहे. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या प्रकारच्या मुलाखतीत मात्र वादाची शक्यता होती. चांगला संवादक पाहुण्यावरील आक्षेप पूर्वपक्ष म्हणून, म्हणजे उत्तर देण्याजोगे प्रामाणिक म्हणणे म्हणून, पूर्ण ताकदीने मांडतो आणि उत्तराला अवकाश देतो. ही शास्त्रचर्चेतील जुनी शिस्त आहे. तिच्यात आदर आहे आणि कठोरपणाही आहे. प्रेक्षकाला आज जे हवेसे वाटते ते बहुधा हेच आहे. दोन माणसे एकमेकांना हरवण्यासाठी न बोलता काहीतरी शोधण्यासाठी बोलत आहेत, हे दृश्य सार्वजनिक जीवनात दुर्मीळ झाले आहे आणि त्याची भूक जुन्या कार्यक्रमाच्या आठवणीतून व्यक्त होते.

७. आठवण काय विसरते

ओढ खरी असली तरी आठवण पुरी नसते. ज्या काळाविषयी ही हळहळ आहे, त्या काळी प्रेक्षकाला दुसरी वाहिनीच नव्हती, त्यामुळे घराघरांत एकच कार्यक्रम पाहिला जाई यात निवडीपेक्षा नाइलाजाचा भाग मोठा होता. दूरदर्शन हे सरकारी माध्यम होते आणि १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात त्याचा उपयोग सत्तेच्या प्रचारासाठी झाला. मुलाखतीची निवांतता राजकीय प्रश्नांपाशी येऊन थांबत असे, कारण साहित्य आणि कला यांच्याविषयी जितके मोकळेपणाने विचारता येई तितके राज्यकारभाराविषयी विचारता येत नव्हते.

त्या खुर्चीवर कोण बसले आणि कोण बसू शकले नाही, हाही प्रश्न टाळता येत नाही. स्टुडिओ मुंबईत असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या वर्तुळातील व्यक्तींना तेथे पोहोचणे सोपे होते, तर सातारा-सांगलीच्या एखाद्या गावातील शाहिराला, तमाशातील कलावतीला किंवा पाणीपंचायतीत राबणाऱ्या कार्यकर्त्याला ते तितकेसे सोपे नव्हते. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये निवर्तले, तेव्हा मुंबई केंद्र सुरू व्हायला अजून तीन वर्षे होती. आपल्या लेखनाविषयी, शाहिरीविषयी आणि गिरणगावाविषयी ते कॅमेऱ्यापुढे कसे बोलले असते, हे जाणण्याचा मार्ग उरलेला नाही. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की ते अडते, त्यामुळे पसरणीच्या घाटाखाली आणि पांडवगड-वैराटगडाच्या कुशीत वसलेल्या वाईसारख्या खोऱ्यात उंच अँटेनाशिवाय स्वच्छ चित्राची आशा धरता येत नव्हती. ‘सगळा महाराष्ट्र पाहत होता’ असे म्हणताना त्या महाराष्ट्राची सीमा प्रक्षेपकाच्या टप्प्याने आणि दूरचित्रवाणी संचाच्या किमतीने आखलेली होती, हे विसरता कामा नये.

या उणिवा सांगण्याचा हेतू त्या काळाचे मोल कमी करण्याचा नाही. उलट, त्या ध्यानात घेतल्यामुळेच त्यातले टिकवण्याजोगे काय आहे ते वेगळे काढता येते. एकच वाहिनी असणे, सरकारी बंधने असणे किंवा पडदा कृष्णधवल असणे हे टिकवण्याजोगे नाही. समोरच्याचे काम वाचून-ऐकून येणे, प्रश्न थोडके ठेवणे, उत्तराची वाट पाहणे आणि मतभेद असताही त्याचे म्हणणे पुरते मांडू देणे, हे मात्र कोणत्याही काळात, कोणत्याही पडद्यावर शक्य आहे.

८. वाईचा धडा

स्मरणरंजनाला जतनाची जोड कशी द्यावी, याचे धडे वाईच्या मातीत आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पानिपतच्या मोहिमेवर प्रकाश टाकणारी त्यातील पत्रे वाईत हाती आलेल्या दप्तरातील होती. पेशवाईविषयी हळहळणारी माणसे त्या काळी पुष्कळ होती, परंतु जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरील कागद वाळवीच्या आणि वाण्याच्या तावडीतून सोडवून, वाचून, तारखा लावून छापण्याचे कष्ट थोड्यांनी घेतले. जवळच्या मेणवली येथील नाना फडणवीस यांचे दप्तरही दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या प्रयत्नांतून अभ्यासकांपुढे आले. हळहळ करणाऱ्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत, आणि दप्तरे वाचणाऱ्यांमुळे मात्र मराठ्यांचा इतिहास बखरींच्या पलीकडे जाऊ शकला.

दुसरा धडा विश्वकोशाचा आहे. तर्कतीर्थांच्या अध्यक्षतेखाली वाईत उभ्या राहिलेल्या या कार्याचा पहिला संहिता खंड १९७६ मध्ये, म्हणजे मुंबई दूरदर्शन ऐन भरात येत असताना, प्रसिद्ध झाला, आणि विसाव्या खंडापर्यंत पोहोचायला सुमारे चार दशके लागली. नोंदींची यादी आधी ठरवणे, प्रत्येक विषय त्याच्या जाणकाराकडे सोपवणे, परिभाषा एकसारखी ठेवणे आणि तपासल्याशिवाय काहीही न छापणे, ही त्यामागची शिस्त होती.

ही शिस्त दूरदर्शनच्या मुलाखतींना लावण्याची निकड आहे, कारण वेळ थोडा आहे. चुंबकीय फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकट द्रव्याच्या साहाय्याने बसवलेला चुंबकीय कणांचा थर. दमट हवेत ते द्रव्य ओलावा शोषते, फीत चिकट होते आणि यंत्रावर चालवताना तो थर खरवडून निघण्याचा धोका असतो. मुंबईच्या हवेत हा धोका सदैव असतो. फीत शाबूत असली तरी ती वाचणारे यंत्र आणि ते दुरुस्त करणारा तंत्रज्ञ दोन्ही दुर्मीळ होत चालले आहेत. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने जुने काही कार्यक्रम यूट्यूबवर उपलब्ध करून दिले आहेत, हे अत्यंत स्वागतार्ह पाऊल आहे. मात्र एखादी मुलाखत इंटरनेटवर असणे आणि ती अभ्यासकाला सापडणे, यांत अंतर असते. प्रक्षेपणाची तारीख, पाहुणा, संवादक, निर्माता आणि चर्चेतील विषय यांची पद्धतशीर सूची असल्याशिवाय, आणि शक्य तेथे बोलण्याचे लेखी रूपांतर असल्याशिवाय, ते साधन इतिहासाच्या उपयोगी पडत नाही. विद्यापीठांचे मराठी आणि माध्यमविद्या विभाग, ग्रंथसंग्रहालये आणि दूरदर्शन यांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतले, तर एका पिढीच्या आठवणीतील कार्यक्रम पुढच्या पिढ्यांचे संदर्भसाधन होतील.

यातील काही काम मुंबईवर अवलंबून नाही. घरोघरी जपलेल्या व्हिडिओ कॅसेटवर दूरदर्शनचे कार्यक्रम मुद्रित करून ठेवलेली कुटुंबे सातारा-सांगली भागातही असतील आणि अशा कॅसेटवर एखादा अन्यत्र पुसला गेलेला भाग सुखरूप असू शकतो. ग्रंथसंग्रहालयाने जसे पुस्तक स्वीकारावे तसे या कॅसेट स्वीकारणे, त्यांची नोंद करणे आणि त्यांचे अंकीय रूपांतर करून घेणे शक्य आहे. त्याचप्रमाणे गावोगावच्या व्याख्यानमालांत होणाऱ्या प्रकट मुलाखतींचे नीट मुद्रण व्हावे आणि ते तारीखवार जपले जावे. शेतीतील प्रयोग करणारी स्त्री, निवृत्त होत असलेला तमासगीर, धरणासाठी गाव सोडलेला वृद्ध, यांच्याशी सातारा-सांगलीतल्याच जाणकाराने तासभर निवांत बोलावे, आणि ज्या खुर्चीपर्यंत ही माणसे कधी पोहोचू शकली नाहीत ती खुर्चीच त्यांच्यापर्यंत जावी, यासाठी लागणारे यंत्र आज जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे.

९. समारोप

दूरदर्शनवरील जुन्या मुलाखतीची ओढ ही म्हातारपणाची हळवी लहर म्हणून बाजूला सारण्याजोगी नाही. ऐकून घेण्याची जी रीत मराठी समाजाने व्याख्यानमालेत कमावली, आकाशवाणीवर जोपासली आणि दूरचित्रवाणीवर काही काळ अनुभवली, तिच्याविषयीची ही मागणी आहे, आणि ती मागणी न्याय्य आहे. ती मागणी करणाऱ्यांवर मात्र दोन कर्तव्ये येऊन पडतात. जे उरले आहे त्याची सूची करून ते जपणे हे पहिले, आणि वाद या शब्दाला शास्त्रांनी दिलेला अर्थ आपल्या सार्वजनिक बोलण्यात परत आणणे हे दुसरे. पहिले कर्तव्य संस्थांनी एकत्र येऊन पार पाडायचे आहे. दुसरे मात्र प्रत्येक सभेत, प्रत्येक स्टुडिओत आणि प्रत्येक घरात, समोरच्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबण्यापासून सुरू होते, आणि त्यासाठी कोणत्याही वाहिनीच्या परवानगीची गरज नाही.